पाकोळ्या, पिंगळे आणि परसातली रात्र: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

संध्याकाळी घराभोवती दिसणाऱ्या जिवांबद्दल प्रश्न पाठवा, असे मागच्या अंकात लिहिले होते. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे वटवाघळांची आहेत, म्हणून या वेळी त्यांना जास्त जागा दिली आहे. मार्च चालू आहे. मोठ्या वटवाघळांच्या पिलांचे आणि उन्हाच्या झळांचे दिवस एकदमच येतात, तेव्हा त्यासंबंधीची उत्तरे आधी वाचावीत.

पुण्यातून एका वाचक भगिनींचा प्रश्न: तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून रोज तिन्हीसांजेला लहान लहान पाकोळ्या फिरताना दिसतात. मुलांना घेऊन त्यांचे नीट निरीक्षण करायचे आहे. सुरुवात कशी करावी? आणि ही वटवाघळेच आहेत हे कसे ओळखायचे?

आपल्याकडे ‘पाकोळी’ हा शब्द तिघांना लागू होतो: इमारतींच्या छज्जाखाली पिसे आणि गवत लाळेने चिकटवून घरटी करणारा पक्षी, लहान वटवाघूळ आणि काही भागांत फुलपाखरूही. महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखराला, ब्लू मॉरमॉनला, आपण राणी पाकोळी म्हणतो ते त्यामुळेच. तुमच्या आकाशात पक्षी आणि वटवाघूळ दोन्ही असणार. पाकोळी पक्ष्याचे पंख कोयत्यासारखे वाकलेले आणि ताठ असतात. तो तरंगत जातो, किलबिलाट करतो आणि अंधार पडायच्या आत घरट्यात शिरतो. वटवाघळाचे पंख सतत फडफडतात, उडता उडता ते एकदम गिरकी घेते, आणि ते येते तेच मुळी सूर्य मावळल्यावर. दोघांची पाळी बदलते ती दहा-पंधरा मिनिटे पाहण्यासारखी असतात.

शहरात इमारतींभोवती दिसणारी वटवाघळे बहुधा पिपिस्ट्रेल गटातली असतात. त्यांतल्या सर्वात लहान जातीचे वजन एका रुपयाच्या नाण्याएवढे, तीन-चार ग्रॅम भरते. दीड सेंटिमीटरच्या फटीतही ती आरामात राहतात: खिडकीच्या छज्जाखाली, एसीच्या खोक्यामागे, दुकानाच्या गुंडाळत्या शटरच्या पेटीत, भिंतीच्या सांध्यात.

कालनिर्णयात किंवा पंचांगात आपल्या गावचा सूर्यास्त पाहा. मार्चच्या मध्यावर पुण्यात तो साधारण पावणेसातला असतो, नागपुरात वीसेक मिनिटे आधी. त्याच्या दहा मिनिटे आधी बसा. गॅलरीतला आणि मागच्या खोलीतला दिवा बंद करा. डोळ्यांना अंधार सरावायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि मध्येच कोणी मोबाईल उघडला की ती मेहनत वाया जाते. तोंड पश्चिमेकडे ठेवा, कारण उजेड उरलेल्या आकाशावर काळी आकृती स्पष्ट दिसते. पहिले वटवाघूळ दिसले की घड्याळातली वेळ न लिहिता ‘सूर्यास्तानंतर इतकी मिनिटे’ असे लिहा. घड्याळातली वेळ ऋतूप्रमाणे सरकत राहते, ही मिनिटे मात्र एकमेकांशी ताडून पाहता येतात. लहान जाती बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत बाहेर पडतात.

इमारतीतली फट सापडली तर मोजणी करता येते. एकाने फक्त फटीकडे पाहायचे, दुसऱ्याने लिहायचे. बाहेर आलेल्याला अधिक, परत शिरलेल्याला उणे. सलग दहा मिनिटे कोणीच आले नाही की थांबायचे. आठवड्यातून एकदा, एकाच वारी, वर्षभर मोजा. सोबत ढग, वारा, पाऊस आणि साधारण तापमान यांची नोंद ठेवा. डिसेंबरच्या थंडीत आकडा खाली येईल, आणि वळवाच्या पहिल्या सरीनंतर पंखवाल्या वाळव्या उडतील त्या संध्याकाळी गर्दी उसळेल.

सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे फटीवर टॉर्च मारणे. उजेड पडला की वटवाघळे बाहेर पडायचे लांबवतात. कीटक सर्वाधिक असतात तो संधिप्रकाशाचा वेळ त्यांच्या हातून जातो, आणि पोटात पिलू असलेल्या मादीला तो फटका मोठा असतो. टॉर्च हवीच असेल तर काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन पदर लावा आणि झोत जमिनीकडे ठेवा.

नागपूरहून: मोबाईलवर वटवाघळांचे आवाज ऐकवणारे ॲप मिळते असे ऐकले. ते चालते का? की वेगळे यंत्र घ्यावे लागते?

नुसत्या मोबाईलवर चालत नाही, आणि याचे कारण साधे आहे. मोबाईलचा माइक आवाजाचे सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतो. जितके नमुने, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतच आवाज पकडता येतो. म्हणजे फार तर २२ ते २४ किलोहर्ट्झ. पिपिस्ट्रेलची हाक सर्वात जोरात असते ती साधारण ३५ ते ५५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. माणसाच्या कानाची धाव वीसपर्यंत, आणि वय वाढेल तशी ती आणखी कमी होते.

स्वस्तातला पर्याय म्हणजे हेटरोडाइन प्रकारचे यंत्र. त्यात एक चकती फिरवून तुम्ही कंपनसंख्या ठरवता. यंत्र वटवाघळाची हाक आणि ती कंपनसंख्या यांतला फरक काढून तेवढाच आवाज ऐकवते. चकती ४५ वर ठेवून सुरुवात करा. वटवाघूळ जवळून गेले की ‘टप टप टप’ असे ऐकू येईल. मग ते एकदम जलद होऊन ‘टर्रर्र’ झाले तर समजा की त्याने किडा टिपला. चकती पुढेमागे केल्यावर आवाज ज्या आकड्याला सर्वात भरदार, खोल येतो तो लिहून ठेवा. जात ठरवायला एवढे पुरत नाही, पण तुमच्या गॅलरीवरून दोन निरनिराळ्या प्रकारची वटवाघळे जातात का, हे यातून कळते.

पूर्ण ध्वनी साठवणारी यंत्रे दोन तऱ्हांची असतात: मोबाईलला जोडायचा खास माइक, किंवा ऑडिओमॉथसारखे काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, तीन पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र. त्यावर नमुने घेण्याचा दर २५६ किलोहर्ट्झ ठेवला तर मिनिटाला सुमारे ३० एमबी, तासाला पावणेदोन जीबीच्या वर जागा लागते. रात्रभर चालू ठेवून कार्ड भरवण्यापेक्षा सूर्यास्तापासून दोन तास पुरेत. परिसरात जुनी लेणी, भुयार किंवा पडका वाडा असेल तर ३८४ चा दर घ्या. तिथे राहणाऱ्या पर्णनासिक वटवाघळांपैकी काहींची हाक १२८ किलोहर्ट्झच्याही वर जाते, आणि २५६ च्या दराने ती नोंदलीच जात नाही.

यंत्र बिघडले असे वाटले तर किल्ल्यांचा जुडगा माइकपुढे हलवा. किल्ल्यांच्या आवाजात अतिश्राव्य, म्हणजे आपल्या कानांना न ऐकू येणारा, भाग भरपूर असतो. तो ऐकू आला म्हणजे यंत्र ठीक आहे. सतत घरघर येत असेल तर एलईडी दिव्याचा ड्रायव्हर किंवा ट्यूबलाइटचा इलेक्ट्रॉनिक चोक जवळ आहे का पाहा. ऑक्टोबरात रातकिड्यांचा गोंगाटही असाच छळतो. झुडपांपासून चार-पाच मीटर दूर उभे राहा.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ध्वनीवरून आपोआप जात सांगणारी बहुतेक सॉफ्टवेअरे युरोप-अमेरिकेतल्या वटवाघळांवर तयार केलेली आहेत. ती नागपूरच्या पाकोळीला इंग्लंडमधल्या जातीचे नाव देतील. ध्वनिफीत जपून ठेवा, नाव लिहायची घाई करू नका. आणि फळे खाणारी मोठी वटवाघळे या यंत्रात ऐकू येत नाहीत म्हणून निराश होऊ नका. ती डोळ्यांनी आणि नाकाने वाट काढतात. त्यांच्यात अपवाद आहे तो गुहेत राहणाऱ्या रूझेटस जातीचा. ती जिभेने टकटक आवाज करून अंधारात वाट शोधते.

दापोलीहून: पडवीत रोज सकाळी चावलेल्या फळांचा चोथा, बिया आणि भिंतीवर तपकिरी डाग पडलेले असतात. वर पाहिले तर दिवसा कोणीच नसते. हा कोणता प्राणी? आणि काय उपाय?

आखूड नाकाचे फळखाऊ वटवाघूळ. पन्नास ग्रॅमच्या आतबाहेरचे, फळझाडांच्या गावात सगळीकडे आढळणारे. तुमच्या पडवीत ते राहत नाही, फक्त जेवायला येते. झाडावर इतर वटवाघळांची भांडणे आणि घुबडाची भीती असते, म्हणून ते फळ तोंडात धरून सुरक्षित, छपराखालच्या जागी नेते, तिथे लटकून चावते, रस गिळते आणि चोथ्याच्या गोळ्या थुंकते. उंबर, पेरू, जांभूळ, चिकू, देशी बदाम, सरळ वाढणारा शोभेचा अशोक, यांपैकी एखादे झाड शेदोनशे मीटरमध्ये असणारच. खाली पडलेल्या बिया पाहिल्या तर कोणते ते लगेच कळेल. बिया कुंडीत रुजवून पाहा, घरातल्या मुलांना यातून शाळेच्या प्रकल्पाचा चांगला विषय मिळतो.

खरेच वटवाघूळ की दुसरे कोणी, याची खात्री विष्ठेवरून होते. वेगवेगळ्या लेंड्यांची नेहमी गल्लत होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. पालीच्या लेंडीच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. उंदराची लेंडी वाळल्यावर टणक होते, काडीने दाबली तर फुटत नाही. कीटक खाणाऱ्या पाकोळीची लेंडी आकाराने उंदरासारखीच दिसते, पण काडीने दाबताच तिचा भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकचकीत कण दिसतात. फळखाऊ वटवाघळाची विष्ठा ओली, पातळ, फळाच्या रंगाची, उडता उडता टाकलेली. म्हणून ती जमिनीपेक्षा भिंतीवर जास्त सापडते.

आता उपाय. चोथ्याचा ढीग जिथे आहे त्याच्या बरोबर वर पाहा. तिथे पंख्याचा हूक, वायर, वासा, टांगती कुंडी किंवा खडबडीत गिलावा असेल. पकड काढून टाकली की निम्मे काम होते: हूक काढा, कुंडी हलवा, वायर छताला सपाट बसवा. गिलाव्यावरच लटकत असेल तर तेवढ्या भागावर दोन फूट बाय दोन फुटांचा गुळगुळीत ॲक्रिलिकचा पत्रा लावा; त्यावर नखे रुततच नाहीत. त्याच्या उडण्याच्या वाटेत जुन्या साडीच्या चाळीस सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या वीतभर अंतराने टांगल्या तर तेही उपयोगी पडते. पाच-दहा रात्री धीर धरा. ते पडवीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाईल, तिथेही हेच करा.

रात्रभर दिवा जळत ठेवायचा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याने वटवाघूळ कधी हलते, कधी नाही. किडे आणि त्यांच्यामागे पाली मात्र नक्की येतात. डांबरगोळ्यांचा वास घरातल्या माणसांनाच जास्त बाधतो. उंदरांचा गोंद तर मुळीच लावू नका. त्यावर चिकटलेले वटवाघूळ तासन्‌तास तडफडते आणि सोडवताना त्याच्या पंखाचा पडदा फाटतो.

डाग सकाळीच ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर ते पक्के होतात. सुकलेली घाण झाडूने कोरडी झाडू नका. पाणी शिंपडून, तोंडाला मास्क बांधून गोळा करा आणि हात धुवा.

सांगलीहून: रात्री घरात वटवाघूळ शिरले आणि पंख्याला आपटून पडले. मुलाने ते उचलून बाहेर ठेवले. आता काळजी वाटते.

आधी मुलाबद्दल. उघड्या हाताने उचलले असेल तर आजच डॉक्टरांकडे जा. जखम दिसत नाही म्हणून थांबू नका. लहान वटवाघळांचे दात सुईसारखे बारीक असतात, त्यांचा ओरखडा डोळ्यांना दिसेलच असे नाही. वटवाघळाशी थेट संपर्क आला तर जागतिक आरोग्य संघटना तो रेबीजच्या दृष्टीने तिसऱ्या, म्हणजे सर्वात गंभीर, वर्गात धरते. चावा किंवा ओरखडा असेल ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे, घड्याळ लावून धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. लस आणि गरज असल्यास इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) यांचा निर्णय डॉक्टर घेतील, तुम्ही ‘वटवाघूळ हाताळले’ एवढे स्पष्ट सांगा.

पुढच्या वेळी वटवाघूळ शिरले तर पहिले काम पंखा बंद करणे. आपल्याकडे घरात शिरलेली वटवाघळे जखमी होतात ती बहुतेक पंख्यानेच. मग खोलीचे आतले दार लावा, खिडक्या पूर्ण उघडा, पडदे बाजूला सारा, खोलीतला दिवा मालवा आणि बाहेर जाऊन थांबा. ते दहा-पंधरा मिनिटांत वाट शोधते. टॉवेल फेकू नका, झाडू फिरवू नका. ते केसांत अडकण्यासाठी येत नाही. भिंतीच्या बाजूने गिरक्या घेताना खोलीच्या मध्यावर ते खाली येते, तेव्हा अंगावर आल्यासारखे वाटते इतकेच.

दमून भिंतीवर बसले असेल तर जाड चामडी हातमोजे घालून त्यावर पुठ्ठ्याचा खोका ठेवा आणि खालून जाड कागद सरकवा. बाहेर नेल्यावर जमिनीवर सोडू नका. अनेक जातींना सपाट जमिनीवरून उड्डाण घेता येत नाही आणि मांजर टपलेले असते. खोका आंब्यासारख्या खरबरीत बुंध्याला माणसाच्या उंचीवर टेकवून उघडा. ते चढेल आणि उडेल. पंख मोडला असेल तर खोक्यात फडके टाकून, झाकणाला भोके पाडून, शांत अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. दूध पाजू नका.

चंद्रपूर जिल्ह्यातून: गावच्या वडावर शेकडो मोठी वटवाघळे आहेत. उन्हाळ्यात पिले खाली पडतात, काही मरतात. निपाह विषाणूच्या भीतीने काही जण फटाके लावून त्यांना हाकलावे म्हणतात. काय करावे?

फटाके लावू नयेत, ही आमची पहिली आणि कळकळीची विनंती. चंद्रपूरचे ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. ४२ अंशांच्या वर पारा गेला की ही वटवाघळे पंखांनी वारा घेतात, अंगाला लाळ लावून चाटतात, धापा टाकतात, मग सावलीसाठी बुंध्याकडे खाली सरकतात आणि शेवटी पडतात. अशा दुपारी त्यांना उडवणे म्हणजे मारणेच. एका वेळी एकच पिलू होते, बहुधा फेब्रुवारी ते मेच्या दरम्यान, आणि सुरुवातीचे काही आठवडे आई ते छातीशी धरूनच उडते. दचकून उडाली की पिले गळतात. वसाहत फटाक्यांनी संपतही नाही. ती फुटून गावातल्या आठ-दहा झाडांवर पसरते.

निपाहबद्दल जे माहीत आहे ते असे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतील वटवाघळांचे नमुने २०२० साली घेतले, त्यांत या विषाणूच्या संपर्काचे पुरावे मिळाले आणि ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. केरळात २०१८ पासून माणसांतही साथी झाल्या आहेत. म्हणून काळजी घ्यावी, आणि ती कशी घ्यायची तेही नेमके सांगता येते. पक्ष्याप्राण्याने चावलेले किंवा झाडाखाली पडून फुटलेले फळ खाऊ नये. फळ धुऊन, शक्यतो सोलून खावे. ताडी-नीरेच्या मडक्यांना बांबूच्या चटईचे किंवा जाळीचे झाकण घालावे. वसाहतीखाली गुरे बांधू नयेत आणि उघडे पाणी ठेवू नये. मेलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. एवढे पाळले की वड आणि गाव दोघांना एकत्र राहता येते. हाकलल्याने मात्र घाबरलेली, उपाशी वटवाघळे आणखी घरांजवळ येतात.

गर्मीच्या लाटेत गावाने करण्याजोग्या गोष्टी: दुपारी अकरा ते पाच झाडाखाली वर्दळ, डीजे, शाळेचा खेळ ठेवू नये. कुत्री हाकलायला एक जण नेमावा. गावतळ्याचा किंवा बंधाऱ्याचा मोकळा पाणसाठा राखावा. हे महत्त्वाचे आहे, कारण ही वटवाघळे काठावर बसून पाणी पीत नाहीत. उडता उडता पोट पाण्याला घासतात आणि मग झाडावर लटकून ओली लव चाटतात. त्यासाठी लांबरुंद मोकळा पृष्ठभाग लागतो, परातीतल्या पाण्याचा उपयोग नाही. विहिरीला किंवा सिमेंटच्या टाकीला कठडा उभा असेल तर एक खडबडीत फळी तिरपी सोडून ठेवा. पडलेला कोणताही जीव तिच्यावरून चढून येतो. वटवाघळे खालच्या फांद्यांवर गोळा झाली तर बारीक तुषार मारल्याने काही वाचतात, पण ते वनविभागाच्या माणसाला बोलावून, लांबून आणि गोंगाट न करता. पडलेले जिवंत पिलू टोपलीत, सावलीत ठेवून १९२६ ला फोन करा. एका दिवसात पुष्कळ मेली तर पशुवैद्यकीय दवाखान्यालाही कळवा. पुरण्याआधी त्यांनी पाहिलेले बरे.

कायदाही आता बदलला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळे उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकली, आणि १ एप्रिल २०२३ पासून मोठे फळखाऊ वटवाघूळ दुसऱ्या अनुसूचीत संरक्षित आहे. ‘वटवाघळाला कायदा नाही’ असे ग्रामसभेत कोणी म्हणाले तर हे वाचून दाखवा. मोहाच्या फुलांवर रात्री फिरणारी फळखाऊ वटवाघळे परागीभवनही करतात, हे चंद्रपुरात तरी वेगळे पटवून द्यावे लागू नये.

ठाण्याहून: डास कमी व्हावेत म्हणून सोसायटीत वटवाघळांची लाकडी पेटी लावावी का?

डासांसाठी लावू नका. ‘एक वटवाघूळ तासाला हजार डास खाते’ हा आकडा अमेरिकेत १९६० च्या सुमारास बंद खोलीत सोडलेल्या वटवाघळांचे वजन किती वाढले, यावरून काढलेल्या अंदाजातून आला आहे. ती जात वेगळी आणि खोलीत दुसरे खाद्यही नव्हते. आपल्या पाकोळ्या डास खातात, पण पतंग, भुंगेरे, वाळव्याही खातात. डासांसाठी आठवड्यातून एकदा साठलेले पाणी उपसणे हाच उपाय.

हौस म्हणून लावायची असेल तर न रंधलेले, रसायन न लावलेले लाकूड, आतली फट १८ ते २० मिलिमीटर, तळ उघडा, जमिनीपासून चार-पाच मीटर उंच, आणि तोंड पूर्वेला. आपल्याकडे पेट्या रिकाम्या राहण्याचे मोठे कारण दुपारचे ऊन हे आहे. पश्चिमेच्या भिंतीवर पेटीची भट्टी होते. त्यापेक्षा सोसायटीतल्या पंखापामच्या वाळलेल्या झावळ्यांचा घेर फेब्रुवारी ते जून छाटू नका आणि रात्री दहानंतर बागेतले दिवे मालवा. आमच्या मते या दोन गोष्टींचा उपयोग पेटीपेक्षा जास्त होतो, आणि त्यांना खर्चही नाही.

फोंड्याहून (गोवा): रात्री कौलांवर आणि माळ्यावर धडधड होते. उंदीर की आणखी काही? कॅमेरा लावून पाहता येईल का?

उंदीर कुरतडतो आणि तुरूतुरू धावतो. पाकोळ्या तिन्हीसांजेला चिवचिवतात आणि खरवडतात. नऊ-दहाच्या सुमारास आणि पहाटेआधी जड उडी मारल्यासारखा आवाज येत असेल तर ते उदमांजर, म्हणजे कांडेचोर असणार. माळ्यावर किंवा पत्र्यावर एकाच सपाट जागी बियांनी भरलेली विष्ठा सापडली, त्यात भेरली माडाच्या किंवा चिकूच्या बिया असल्या, तर शंकाच नको.

कॅमेऱ्याआधी रांगोळीचा प्रयोग करा. दोन फुटी प्लायवूडवर चाळणीने रांगोळीचा पातळ थर द्या आणि येण्याच्या वाटेवर ठेवा. पीठ वापरू नका, मुंग्या आणि उंदीर येतात. मांजराच्या पावलाला चार बोटे उमटतात, उदमांजराच्या पाच.

ट्रेल कॅमेरा, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, घ्यायचा तर ९४० नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश असलेला घ्या. ८५० च्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका प्राण्याला दिसतो, पण त्याचा उजेड लांब पोचतो, म्हणून मोठ्या अंगणासाठी तोही वाईट नाही. उंची गुडघ्याएवढी, ३० ते ४० सेंटिमीटर. वाटेकडे काटकोनात न रोखता तिरपा रोखा, नाहीतर फक्त शेपटीचे फोटो मिळतात. तोंड उत्तरेला ठेवले तर सूर्य आत येत नाही. एका वेळी तीन फोटो, मध्ये पाच सेकंद. समोरचे गवत आणि हलणारी फांदी कापा, नाहीतर एका दुपारीत हजार फोटो झुडपाचे येतील.

कॅमेऱ्याचा संवेदक हालचाल ओळखतो ती प्राणी आणि परिसर यांच्या तापमानातल्या फरकावरून. उन्हाळ्याच्या दुपारी हवा ३७-३८ अंशांवर असताना मुंगूस समोरून गेले तरी तो जागा होत नाही. ‘दिवसा काहीच येत नाही’ असा निष्कर्ष मे महिन्यात काढू नका. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी बदला.

उदमांजर नको असेल तर छपरावर टेकणाऱ्या फांद्या दोन मीटरपर्यंत छाटा. ते रात्री बाहेर गेल्यावर कौलाची फट बुजवा, पण आधी माळ्यावर पिले नाहीत याची खात्री करा. आई बाहेर आणि पिले आत अडकली तर ती सारी कौले विस्कटून काढते.

कोल्हापूरहून: रात्री भिंतीवर पट्ट्यांचा लहान साप दिसला. मण्यार होता का?

खरबरीत भिंतीवर, पालींच्या मागे चढलेला असेल तर तो बहुधा कवड्या, बिनविषारी. कवड्याचे डोके चपटे आणि मानेपेक्षा रुंद असते, रंग तपकिरी, पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळानिळा, चकचकीत. बारीक दुधी पट्टे बहुधा जोडीजोडीने, डोक्याजवळ नसतात आणि शेपटीकडे ठळक होतात. परंतु मण्यारच्या पिलात पट्टे डोक्याच्या जवळूनही सुरू होतात, म्हणून टॉर्चच्या उजेडात या खुणांवर जीव टांगू नका. दोन मीटर लांब राहा, मोबाईलने झूम करून फोटो घ्या, दार उघडे ठेवा आणि सर्पमित्राला किंवा १९२६ ला बोलवा.

मण्यार रात्री झोपेत चावतो आणि चावा दुखत नाही; पोटात दुखणे आणि पापण्या जड होणे ही पहिली लक्षणे असू शकतात. जमिनीवर झोपणे टाळा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावल्याची नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जा. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालते, त्यामुळे साप मारून सोबत न्यायची गरज नाही.

घोलवडहून: चिकूच्या झाडांवर जाळी लावली, तर वटवाघळे अडकून मरतात.

जाळीचे भोक मोठे आणि धागा नायलॉनचा एकेरी असणार. करंगळी आरपार जात असेल तर ती जाळी धोक्याचीच. पाच मिलिमीटरच्या आतले भोक, विणलेला पांढरा धागा, आणि झाडावर न अंथरता बांबूच्या सांगाड्यावर ढोलाच्या चामड्यासारखी ताणून, फळांपासून फूटभर दूर. मोठ्या बागेत सगळी झाडे झाकण्यापेक्षा पक्व होत आलेल्या घडांना कापडी पिशव्या बांधणे स्वस्त पडते. संक्रांतीनंतर झाडांत अडकलेला मांजाही याच कामात काढून घ्या. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातली आहे, पण पिंगळे आणि वटवाघळे आजही त्यात अडकतात.

सावंतवाडीहून: केळीच्या वाळक्या पानात नारिंगी-काळ्या पंखांचे वटवाघूळ सापडले. रोगी आहे का?

ठणठणीत आहे. ते रंगीत वटवाघूळ, केरिव्हुला पिक्टा, जेमतेम पाच ग्रॅमचे. वाळून गुंडाळलेल्या केळीच्या पानात दिवसा झोपलेले ते पानासारखेच दिसते, हा रंग त्याचसाठी. सुकवून चौकटीत घालून शोभेसाठी या जातीचा ऑनलाइन व्यापार चालतो, तेव्हा नेमक्या जागेसह फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. बागेतली वाळकी पाने एकदम ओढून काढायची पद्धत असेल तर ती बदला: आधी पानाच्या नळीत खालच्या बाजूने डोकावून पाहा, आत कोणी असेल तर ते पान पुढच्या खेपेपर्यंत झाडावरच राहू द्या.